सिरीयस या शब्दाचं मूळ गाव

दाजी, तुमचा दहावा प्रवरासंगमला झाला. तुम्हाला गर्दी आवडायची, ती भरपूर होती. पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. तुमचे थोरले भाऊ म्हणाले, "रानाची काळजी करू नको, आमी हाय." कावळा आला नाही. अक्का म्हणाली, "विकासचं लगीन करून देईन, कुटं कमी पडू देनार न्हाई." नाही. मागून कोणीतरी सुचवलं, "रसवंती चालू ठिवू म्हना, त्याच्यात जीव हुता त्यांचा." तेही म्हणून झालं. ऊन चढत चाललं. शेवटी तुमचा विकास पुढे झाला. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. पिंडासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आण्णा, चुकलं माझं. तुमाला दवाखान्यात न्यायला मी उशीर केला. मामा म्हनले त्येच खरं हुतं."

एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

लोकांनी सुस्कारा सोडला. "ह्याच्यात अडाकलं हुतं बघा," असं एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि चार माना हलल्या. विकास घाटाच्या पायरीवर मटकन बसला. त्याला उठवायला दोघं पुढे झाले. मी झालो नाही.

कारण मामा म्हणजे मी. आणि दाजी, मी असं काहीही म्हणालो नव्हतो.

म्हणजे शब्द तेच होते. ते मी उच्चारलेच. पण ज्या अर्थानं तुमच्या मुलानं ते घेतले आणि ज्या अर्थानं आता ते तुमच्या गावात पक्के झाले, तो अर्थ माझा नव्हता. माझा अर्थ त्याहून फार वाईट होता. तो काय होता हे त्या घाटावर मला एकट्याला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मला विचारायचं होतं आणि विचारायला तुम्ही नव्हता.

त्या दुपारी मी नगरला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अकरावीचे पेपर तपासत बसलो होतो. फोन वाजला. विकासचा होता. मागे गाड्यांचे हॉर्न, कोणीतरी मोठ्यानं बोलतंय. तो घाईनं म्हणाला, "मामा, आण्णा शिरीयस हायेत. तुमाला कळवा म्हनत्यात."

मी म्हणालो, "आत्ता झाले का सिरीयस? फार उशीर केला, सांग त्यांना." आणि फोन ठेवून दिला.

खरं सांगतो दाजी, मला बरं वाटलं. वाटलं, महिनोन्‌महिने डोक्यात घोळवलेलं उत्तर अखेर नेमक्या वेळी तोंडातून आलं. मी चहा मागवला आणि पुढचा पेपर घेतला.

'कळवा म्हनत्यात' असं डॉक्टर म्हणत होते. मला वाटलं, तुम्ही म्हणताय.

संध्याकाळी स्कूटरवरून केडगावला घरी निघालो. तुम्हाला जिथे नेलं होतं तो दवाखाना वाटेत लागतो. त्याच्या समोर कलिंगडाची गाडी असते, तिथे थांबलो. ठोकून ठोकून एक कलिंगड निवडलं. रस्त्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर तुम्ही होता. घरी आलो, सुरी घेतली, कलिंगड अर्धं कापलं आणि अक्काचा फोन आला. ती बोललीच नाही. तिच्या शेजारच्या बाईनं सांगितलं.

मी पोचलो तेव्हा तुम्हाला खाली आणलं होतं. विकास माझ्या गळ्यात पडला. मला कोणी विचारलं नाही की दुपारी फोन गेला, तुम्ही आत्ता कसे आलात. उलट अक्का रडता रडता म्हणाली, "तुला फोनवर कळलं रं, उशीर झालाय म्हनून. आमाला समोर बसून कळलं न्हाई."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

आता आपल्या त्या शब्दाबद्दल बोलतो. तुमच्याशी बोलायचं म्हणजे शब्दाबद्दलच बोलायचं, तशी सवयच लागली होती.

तुम्हाला आठवतं, हे कधी सुरू झालं? मी नवा नवा इंग्रजीचा मास्तर झालो होतो आणि सुट्टीत तुमच्या रसवंतीवर येऊन बसायचो. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, बैल लाकडी चरकाभोवती फिरायचा, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला ऊस कसा पिळतात ते असं सांगायचा की जणू तुम्हीच त्याचा शोध लावलाय. एकदा एका पाहुण्यानं "दोन ग्लास" मागितले आणि तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "मास्तर, ग्लास ह्या शब्दाचं मूळ गाव कोन्तं रं?"

आपल्याकडे नवा माणूस भेटला की मूळ गाव विचारतात, तसंच तुम्ही शब्दांना विचारायचा. मी सांगितलं की ग्लास म्हणजे आधी काच. काचेचं भांडं म्हणून भांड्यालाही ग्लास म्हणू लागले. तुम्ही हातातला स्टीलचा ग्लास उंच धरलात. "म्हंजे ही स्टीलची काच! आन् लोक मला येडा म्हनत्यात."

मग दर भेटीत एक शब्द ठरलेला. कंपनी म्हणजे मुळात एकत्र भाकरी खाणारे, हे सांगितलं त्या दिवशी तुम्ही अक्काला हाक मारून म्हणालात, "आगं, मला नोकरी लागली. तुझ्या कंपनीत." मी घरी जाऊन कोश उघडायचो, खात्री करायचो, आणि पुढच्या वेळी तयारीनं यायचो. तुम्ही कधीच तयारी करायचा नाहीत. तुम्ही जागच्या जागी स्वतःची व्युत्पत्ती बनवायचा, ती साफ चुकीची असायची, आणि गिऱ्हाइकं तुमचंच ऐकायची. याचा मला राग यायचा. इतक्या वर्षांनी लिहितोय म्हणून लपवत नाही, खरंच यायचा.

सिरीयसची पाळी आली ती शेजारचे एक आजोबा दवाखान्यात होते तेव्हा. कोणीतरी येऊन सांगितलं, "म्हातारं शिरीयस हाय." तो माणूस गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मास्तर, हा इंग्रजी शब्द न्हाईच. शिर म्हंजे डोकं. शिरी येस. डोक्यावर आलं की शिरीयस."

मी हसलो नाही. मी समजावून सांगितलं. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि त्याच्याही मागे गेलं तर तिथे बहुधा 'जड' असा अर्थ असावा असं अभ्यासक मानतात. जर्मन भाषेत जड वस्तूला जो शब्द आहे, तो याचाच भाऊबंद असावा. त्याच कुळातल्या एका जुन्या शब्दाचा अर्थ 'मानाचा' असाही होत असे, आपण वजनदार माणूस म्हणतो तसा. आपल्याकडे गुरु म्हणजेसुद्धा आधी जड, नंतर शिकवणारा.

"तरीच," तुम्ही माझ्या पोटाकडे बघत म्हणालात. "दर दिवाळीला तुझं गुरुपन वाढतंय."

मी हट्टानं पुढे गेलो. आपला गंभीर हा शब्द मात्र वेगळ्या घरचा, म्हणालो. गंभीर म्हणजे खोल. पाणी गंभीर असतं. इंग्रजी शब्द वजन बघतो, आपला खोली बघतो.

तुम्ही बैलाला थांबवलंत. थोडा वेळ खरंच विचार केलात असं वाटलं. मग म्हणालात, "बराबर हाय. त्ये तराजूवाले. आपुन हिरीवाले."

हे मी पुढे वर्गात कितीदा सांगितलं असेल. विहीर आणि तराजू. पोरं लक्षात ठेवतात. तुमचं नाव मात्र मी कधी सांगितलं नाही. माझंच म्हणून खपवलं.

वर्गात मी आणखी एक गोष्ट सांगायचो, आणि आज तीच मला छळते. आपली मुलं निबंधात लिहितात, माझे आजोबा सिरीयस होते म्हणून आम्ही गावी गेलो. मी लाल पेननं त्याखाली रेघ मारायचो. सांगायचो, बाळांनो, इंग्रजीत असं म्हटलं तर अर्थ होतो की आजोबा चेष्टा करत नव्हते. आजारी असतील तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. मग मी डोळे वटारून, ओठ घट्ट मिटून सिरीयस आजोबा करून दाखवायचो आणि वर्ग हसायचा. वर्षानुवर्षं हा माझा हमखास हशा होता.

साऱ्या महाराष्ट्रात ज्या शब्दाचा फोन आला की माणूस चप्पल न घालता निघतो, त्या शब्दाचा अर्थ मला त्या दुपारी लागला नाही. तुमचा मुलगा मराठीत बोलला आणि मी इंग्रजीत ऐकलं.

पण इंग्रजीनं सगळं झालं असं म्हणून सुटता येत नाही. माझा कान आधीच तयार होऊन बसला होता. भाऊबीजेपासून.

त्या दिवसाचं मला तुमच्याशी भांडायचं होतं. अजूनही आहे. स्पर्धा परीक्षेच्या यादीत विकासचं नाव पुन्हा आलं नव्हतं. पुण्यात खोली, मेस, लायब्ररी, आणि दर वेळी थोडक्यात हुकलेलं. तुम्ही म्हणालात, आता पुरे, पोराला घरी येऊ दे, रसवंती बघंल, गाया बघंल. मी म्हणालो, अजून एकदा बसू द्या, फक्त त्याला सिरीयस व्हायला सांगा. मुलगा हुशार आहे पण सिरीयस नाही.

विकास तिथेच होता, चकलीच्या ताटलीशी. अक्का ओवाळणीचं तबक आवरत होती.

"न्हाई तर बरंच हाय की," तुम्ही म्हणालात. "शिरीयस पोरगं दवाखान्यात ठिवावं लागतं."

अक्का हसली. विकास हसला. तुमच्या भावाची सून आत होती, तीही हसली. आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुम्ही आयुष्यात कधी कशाबद्दल सिरीयस नव्हता दाजी, म्हणून पोराची ही गत झालीय."

तुम्ही पान लावत होता. चुना लावून झाला, कात टाकून झाला, घडी घालून झाली. मग तुम्ही माझ्याकडे बघून अगदी प्रेमानं म्हणालात, "मास्तर, ज्या दिवशी मी शिरीयस होईन ना, त्या दिवशी तुला फोन लावतो."

मी जेवण न करता निघालो. भाऊबीजेला बहिणीच्या घरून उपाशी. त्यानंतर तुम्ही दोनदा फोन केलात, मी घेतला नाही. संक्रांतीला अक्काकडून तिळगूळ पाठवलात. मी खाल्ला, पण कळवलं नाही.

म्हणून जेव्हा विकास म्हणाला की अण्णा शिरीयस हायेत, कळवा म्हनत्यात, तेव्हा मला वाटलं की तुम्ही तुमचा जुना विनोद पुरा करताय. समेट करायला तुमची हीच तऱ्हा असायची. पोराच्या हातून फोन लावलाय, स्वतः शेजारी उभे राहून हसताय, मी हसलो की फोन हिसकावून घेणार आणि विचारणार, कधी येतोस रं. मला हे सगळं दिसलं. आणि दिसूनही मी ते उत्तर दिलं. 'आत्ता झाले का सिरीयस? फार उशीर केला, सांग त्यांना.'

आता विकासच्या बाजूनं हेच वाक्य वाचा. त्याचा बाप आत आहे. सकाळपासून छातीत जळजळ होतेय म्हणत होता, पण "पित्त हाय, सोडा पितो" म्हणत गिऱ्हाइकं करत राहिला. पुणं सोडून घरी आलेल्या पोरानं दोनदा विचारलं, दोनदा त्यानं हसण्यावारी नेलं. दुपारी तो चरकाजवळ बसला तो उठलाच नाही. गावातल्या डॉक्टरनं नगरला न्यायला सांगितलं. आणि त्या वेळी शिकलेला मामा फोनवर म्हणतो, आत्ता झाले का सिरीयस, फार उशीर केला. एकही शब्द बदलावा लागत नाही. सगळं वाक्य त्याच्यावर चपखल बसतं.

विकासनं ते स्वतःवर घेतलंय याची दहाव्याच्या दिवसापर्यंत मला कल्पनाच नव्हती. मला वाटत होतं, त्यानं ते ऐकलं, त्याला वाईट वाटलं, आणि दुःखात तो विसरला. घाटावर कळलं. आणि कळल्यावरही मी गप्प बसलो, हे तुम्हाला सांगायला मी हे लिहितोय. नंतर वाड्यावस्त्यांवरून माणसं यायची, विकासला जवळ घेऊन म्हणायची, "आता मनाला लावून घिऊ नको, कावळा शिवला ना, माफ केलं त्यांनी तुला." म्हणजे त्याचा गुन्हा सगळ्यांनी धरूनच चालला होता. तो ताटावर बसायचा आणि भात चिवडायचा. मोबाईलवर हृदयविकाराचं वाचत बसायचा, किती वेळात नेलं तर माणूस वाचतो. मी शेजारी बसून बघायचो.

बोललो असतो तर त्याचं ओझं उतरलं असतं, हे समजायला काही कोश लागत नव्हता. पण मग अक्काला कळलं असतं की तिचा नवरा तडफडत असताना तिच्या भावानं काय निरोप दिला. आत्तापर्यंत मी त्या घरात 'ज्याला फोनवर कळलं तो' होतो.

या दिवसांत मला सारखं एक आठवत राहिलं. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा तुम्ही एकदा अचानक हॉस्टेलवर आलात. म्हणालात, "चल, तुझा बाप तुझ्या नावानं बोंब मारतोय, पोरगं पुन्याचं झालं म्हनून." एसटीत खिडकीची जागा मला दिलीत. शिक्रापूरला मिसळ खाऊ घातलीत. कंडक्टरला सांगितलंत, "ह्यो माझा मेव्हना, इंग्रजीत झोपतो, तिकीट इंग्रजीत द्या." सगळी बस हसली. मी हसून हसून दमलो. आमच्या गावाचा फाटा आला, आपण उतरलो, चालायला लागलो, आणि मग तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि सांगितलंत की वडील सकाळीच गेले.

मी तुमचा हात झटकला होता. माझा बाप घरात पडलाय आणि हा माणूस विनोद करत होता, हे मी तुम्हाला कित्येक वर्षं माफ केलं नाही. भाऊबीजेला जे तोंडातून गेलं, त्यात तेही होतं बहुतेक. पुढे कधीतरी, माझी स्वतःची मुलं मोठी होताना, मला उमगायला लागलं की पुण्यापासून फाट्यापर्यंत तुम्ही ते एकट्यानं आणलं होतंत, आणि मला खिडकीतून उसाची रानं बघू दिली होतीत. तुमचेही ते सासरे होते, तुमच्यावर जीव होता त्यांचा. मी तुम्हाला याबद्दल कधीच काही बोललो नाही. आभार मानायचं ठरवलं की तुम्ही काहीतरी बोलायचा आणि माझा राग परत यायचा.

दाजी, हल्ली कोणी हा शब्द उच्चारला की मी दाराकडे बघतो. परवा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, या वर्षी आम्ही सगळे सिरीयस आहोत," आणि मला वर्गाबाहेर जावं लागलं. घरी टीव्हीवर, बाजारात, शेजारच्या फोनवर, दिवसातून किती वेळा हा शब्द येतो हे मला माहीतच नव्हतं. दर वेळी त्यामागे गाड्यांचे हॉर्न वाजतात, विकासचा श्वास लागलेला ऐकू येतो, आणि दर वेळी मला अर्थ बरोबर लागतो. आता लागतो.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी रसवंतीवर गेलो. विकास छपराखाली बसून चरकाची लाकडं पुसत होता. बैल बाजूला बांधलेला. मी बाकावर बसलो.

"मामा, चहा सांगू?"

"नको. विकास, तू फोन केलास त्या दिवशी, मी काय म्हणालो होतो?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. "जाऊ द्या ना मामा."

"सांग."

"आत्ता झाले का शिरीयस, फार उशीर केला. सांग त्यांना."

त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्यासमोरच घडलेली भाऊबीज, पान, ज्या दिवशी सिरीयस होईन त्या दिवशी फोन लावतो. मी म्हणालो, मला वाटलं अण्णा चेष्टा करतायत. मी त्यांना टोमणा मारला. उशीर झाला तो तुझ्यामुळं असं माझ्या मनातही नव्हतं. ते आजारी आहेत हेच मला माहीत नव्हतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर नुकते केस फुटलेले, त्यामुळे अगदी तुमच्यासारखा दिसत होता.

"मंग उशीर मी न्हाई केला?"

"नाही रे बाबा."

"डॉक्टर बी त्येच म्हनले हुते. मोठा झटका हुता, आधी आनलं आसतं तरी सांगता येत न्हाई म्हनले. मला वाटलं, धीर द्यायला म्हनत्यात." तो थांबला. "तुमी कवा चेष्टा करीत न्हाई ना मामा. तुमी म्हनला म्हंजे खरंच आसनार, आसं वाटलं."

मी मान खाली घातली.

"पन मामा," तो म्हणाला, "तुमाला चेष्टा वाटली, तर हसायचं हुतं ना. आण्णांच्या चेष्टेला कोन आसं बोलतं?"

याचं उत्तर तुमच्याकडेही नसेल. असलं तरी तुम्ही ते माझ्या बाजूनंच द्याल, म्हणून मला ते नको आहे.

त्यानं उठून माठातलं पाणी प्यायलं. चूळ भरली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "आईला मी न्हाई सांगनार. तुमीच सांगा."

"आजच सांगतो."

मी उठलो. तो वळला आणि थोडा घुटमळला. "मी त्यांना सांगितलं हुतं, मामा."

"काय?"

"तुमचा निरोप. तुमी म्हनला ना, सांग त्यांना. आत गेल्तो, तोंडावर मास्क हुता, डोळं उघडं हुतं. म्हनलं, मामांना फोन केलाय, मामा म्हनत्यात फार उशीर केला."

मी परत बाकावर बसलो.

"आन् त्ये हसले. मला वाटलं, शुद्ध न्हाई त्यांना. आसं कसं हसतील? आता कळलं." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "मास्क बाजूला करून कायतरी बोलले बी. म्हनावं मास्तरला, का मास्तरला म्हनावं, आसं कायतरी. तेवढ्यात सिस्टरनं मास्क परत लावला."

"म्हनावं... पुढं काय?"

"फुडं न्हाई काय ऐकू आलं. का मागं हुतं कायतरी, त्येबी न्हाई ध्यानात."

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली, आत म्हातारी माणसं, पोरं. कोणीतरी काच खाली करून विचारलं, "रसवंती चालू आहे का?" विकासनं एकदा चरकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालूय की, या." आणि बैल सोडायला गेला.

मी तिथून अक्काकडे गेलो आणि तिला सांगितलं. तिनं मला त्या दिवशी जेवायला थांब म्हटलं नाही. बरोबर केलं.

म्हणजे तुम्हाला निरोप पोचला होता, दाजी. नगरमध्ये, त्या खोलीत, त्या वाक्याचा खरा अर्थ लागलेला एकटा माणूस तुम्ही होता. मी पलीकडे कलिंगड ठोकून बघत असताना किंवा त्याच्या थोडं आधी.

आणि तुम्ही मास्क काढून काय म्हणालात? 'मास्तरला म्हनावं' असं असेल, तर पुढे माझ्यासाठी काहीतरी होतं आणि ते राहून गेलं. शिवी असेल, ये म्हणून असेल, काहीही. पण मी कोशातलं काहीतरी काढून तुमच्याशी हुज्जत घालायला लागलो की तुम्ही गिऱ्हाइकांकडे बघून, मान हलवून एक म्हणायचा: 'काय म्हनावं मास्तरला!' तेच म्हणाला असाल, तर राहिलं काहीच नाही, वाक्य पूर्ण आहे. एवढा एक 'काय' होता की नव्हता, ते मास्कच्या वाफेत गेलं. मी जन्मभर मुलांना सांगत आलो की अर्थ लागत नसेल तर संदर्भ बघा, कोण बोलतंय बघा, कोणाशी बोलतंय बघा. सगळं माहीत आहे मला. बोलणारे तुम्ही, ऐकणारा मी. तरी लागत नाही.

दोन्ही मी रोज म्हणून बघतो, तुमच्या आवाजात. एकदा असं, एकदा तसं. दोन्ही तुमचीच वाटतात.